आईंनी कधी अँटिबायोटिक घेतलंच नाही, मग हा जंतू आला कुठून?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आई ६४ वर्षांच्या. लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, म्हणून लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, केलं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला आणि खालच्या औषधांच्या यादीत बहुतेकांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, ते औषध चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतील. ताईंचं म्हणणं असं की आईंनी उभ्या आयुष्यात फार थोड्या वेळा अँटिबायोटिक घेतलं असेल; सर्दीला काढा, तापाला क्रोसिन, संपलं. मग औषधांना दाद न देणारा जंतू त्यांच्याच वाट्याला का? रविवारच्या चिकनमधून आला? गोरेगावला मामांचा तबेला आहे, दूध तिथून येतं, त्यातून? की नळाच्या पाण्यातून? आणि घरात नातवंडं आहेत, त्यांना काही होईल का?

मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम करते आहे. "आमच्याकडे कुणी गोळ्या खात नाही हो" हे वाक्य रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांकडून मी सतत ऐकते, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. म्हणून आधी थेट उत्तर देते. आईंच्या लघवीतला जंतू त्यांच्याच आतड्यातून आला, आणि आतड्यात तो बहुधा दुसऱ्या कुणा माणसाच्या विष्ठेतून आला. मधला टप्पा हाताचा, पाण्याचा, कोथिंबिरीचा, चिकनचा, कशाचाही असू शकतो. एका रिपोर्टवरून तो ओळखता येत नाही. तेव्हा आईंनी काय चुकीचं केलं हे शोधत बसू नका.

औषधाला सरावतो तो जंतू. माणसाच्या शरीराला अँटिबायोटिकची 'सवय' होत नाही. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तर तिने डोकं धुतलं नाही असं आपण म्हणत नाही, शेजारच्या बाकावरून आल्या हे आपल्याला कळतं. इथेही तसंच आहे. जंतूने रोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याची ताकद, कमावला तो कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणी, आणि मग तो फिरत फिरत आईंपर्यंत आला.

ई. कोलाय प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि तिथे असताना तो काही त्रास देत नाही. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तो मूत्राशयात शिरतो, पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी पडते आणि हे जास्त वेळा घडतं. आता प्रश्न उरतो तो एवढाच की आतड्यातला साधा ई. कोलाय जाऊन त्या जागी हा दुसरा कधी बसला. याचं सगळ्यात बोलकं उत्तर डच संशोधकांनी २०१७ साली दिलं. त्यांनी परदेशप्रवासाला जाणाऱ्या सुमारे २,००० धडधाकट लोकांची शौचतपासणी जाण्याआधी आणि परत आल्यावर केली. जाताना ज्यांच्या पोटात ईएसबीएल जातीचे, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारे, जंतू नव्हते, त्यांच्यापैकी दक्षिण आशियात फिरून आलेल्या दर चारांतले तीन ते घेऊन परतले. हे लोक आजारी नव्हते, इस्पितळात गेले नव्हते, बहुतेकांनी तिथे एकही अँटिबायोटिक घेतलं नव्हतं. ते इथे राहिले, जेवले, पाणी प्यायले, एवढंच. हे जंतू घेऊन परतलेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या पोटात वर्षभरानंतरही ते टिकून होते. काही आठवड्यांच्या पाहुण्यांची ही गत, तर ६४ वर्षं मुंबईत काढलेल्या बाईंचं वेगळं काय होणार?

ईएसबीएल हे नाव तुमच्या रिपोर्टच्या तळटिपेत कदाचित असेल. जंतू एक विकर (एन्झाइम) बनवतो, त्याचं हे नाव. त्या विकराने पेनिसिलिनच्या घराण्यातली बरीच औषधं तुटतात: सेफिक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफोटॅक्सिम, सगळी एका फटक्यात. म्हणून रिपोर्टवर 'आर'ची रांग दिसली तरी घाबरायचं नाही. दहा 'आर' म्हणजे दहा वेगळ्या शक्ती नव्हेत; बहुतेकदा दोन-तीन जनुकांचं ते काम असतं. आम्ही प्लेटवर जंतू पसरवून वर औषधांच्या चकत्या ठेवतो, दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडेल ते औषध चालतं, जिथे जंतू चकतीला भिडून वाढलेला दिसतो ते चालत नाही. मोठ्या प्रयोगशाळांत आता हे यंत्र करतं, तत्त्व फारसं बदललेलं नाही.

ही जनुकं बहुतेकदा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्रापासून सुटं असलेलं डीएनएचं छोटं कडं, जे एक जंतू दुसऱ्याला चिकटून सरळ देऊन टाकतो. दुसरा जंतू त्याच जातीचा असायलाच हवा असं नाही. जपानमध्ये १९५०च्या दशकात आमांशाचे जंतू एकदम चार-चार औषधांना जुमानेनासे झाले, तेव्हा १९५९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ई. कोलाय आणि शिगेला (आमांशाचा जंतू) एकाच आतड्यात राहून हा ऐवज एकमेकांना देतात. ईएसबीएलमध्ये आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारं सीटीएक्स-एम घराणं मूळचं क्लुयव्हेरा नावाच्या, माती-पाण्यातही राहणाऱ्या एका फारशा निरुपद्रवी जंतूचं. रोधाची जनुकं आपण निर्माण केलेली नाहीत. कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतून अशी जनुकं २०११ साली काढून दाखवली गेली आहेत. अँटिबायोटिकं मुळात मातीतल्या बुरशी आणि जंतूंचीच, तेव्हा त्यांचे उतारेही मातीत असणारच. आपण गेल्या ऐंशी वर्षांत फक्त त्या उताऱ्यांना बाजारभाव आणून दिला.

आता मुंबईकडे येते, कारण माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे.

अँटिबायोटिकचा बेसुमार वापर वाईट, हे सगळ्यांना पाठ आहे. पण २०१८ साली अनेक देशांची आकडेवारी मांडून एक अभ्यास झाला. कुठल्या देशात रोध जास्त आहे याचा नुसत्या औषधांच्या खपाशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो शौचालयं, सांडपाणी, पिण्याचं पाणी आणि कारभार यांच्याशी. गोळ्या रोध जन्माला घालतात, गटारं त्याला घरोघर पोचवतात. आपण सगळं बोलणं पहिल्याबद्दल करतो, कारण पहिल्याचा दोष रुग्णावर टाकता येतो.

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, भांडुप आणि पांजरापूरला ते शुद्ध होतं, आणि शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना ते चांगलंच असतं. गडबड पुढे होते. बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येतं. उरलेला वेळ नळवाहिनीत दाब नसतो, आणि जुनी वाहिनी गटाराशेजारून गेली असेल तर सांध्यांतून बाहेरचं पाणी आत झिरपतं. त्यात कुणी बूस्टर पंप लावून ओढलं की अजूनच. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येतं, ते का, याचं उत्तर बऱ्याचदा हेच. दुसरीकडे २०११च्या जनगणनेप्रमाणे शहरातली ४० टक्क्यांहून अधिक माणसं झोपडवस्त्यांत राहतात. एका सार्वजनिक शौचकुपावर किती घरं, हे तिथे राहणाऱ्याला विचारा. सांडपाण्याचं म्हणाल तर वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात ठिकाणी दिवसाला सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या नव्या प्रकल्पांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. ते पूर्ण होतील तेव्हा होतील. माझ्या दृष्टीने जंतूंच्या रोधाविरुद्ध या शहराने हाती घेतलेलं सगळ्यात मोठं काम तेच आहे, जरी त्याच्या फलकावर अँटिबायोटिक हा शब्द नसला तरी. अर्थात प्रक्रियेने जंतू खूप कमी होतात, जनुकं पूर्ण नाहीशी होत नाहीत, हेही सांगून ठेवते.

मिठी नदीचं नाव निघालं की लोक नाक मुरडतात आणि विषय संपतो. विहार-पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघून माहीमच्या खाडीपर्यंत जाणाऱ्या सुमारे १८ किलोमीटरच्या या प्रवाहात घरांची विष्ठा, कारखान्यांचं पाणी, वाटेतल्या वस्त्यांचा कचरा एकत्र येतो. माणसाचे आणि जनावराचे जंतू आणि शरीरातून न पचता बाहेर पडलेली औषधं अशी एका जागी आली की जनुकांची देवाणघेवाण व्हायला तीच जागा सोयीची. आणि सांडपाणी तपासणं मुंबईला नवं नाही. पोलिओचा विषाणू शोधण्यासाठी इथे २००१ सालापासून गटाराच्या पाण्याचे नमुने घेतले जात आहेत. तीच शिस्त रोधक जंतूंसाठी लावली तर कुठल्या वॉर्डात काय फिरतंय हे इस्पितळात रुग्ण यायच्या आधी कळेल. हे मी बैठकांत बोलते, चहा येतो, विषय पुढे सरकतो.

एनडीएम-१ चा गदारोळ आठवत असेल. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णाच्या जंतूत हे विकर सापडलं, कार्बापेनेम म्हणजे आपली राखीव इंजेक्शनंसुद्धा ते तोडत होतं. २०१० साली त्यावर शोधनिबंध आला तेव्हा देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट, असं बरंच काही बोललं गेलं. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांत हा जंतू सापडल्याचं भारतीय नियतकालिकात छापलं होतं. पुढच्या वर्षी दिल्लीच्या साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते जनुक मिळालं. म्हणजे प्रकरण आयसीयूच्या दारातून बाहेर पडून रस्त्यावर आलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जाळ्यातल्या मोठ्या इस्पितळांची आकडेवारी बघा: ई. कोलायवर इमिपेनेम हे कार्बापेनेम चालण्याचं प्रमाण २०१७ साली ८१ टक्के होतं, २०२३ साली ते ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूच्या बाबतीत ते साधारण ५९ वरून ३६ टक्क्यांवर घसरलं. हे आकडे आधीच बरेच उपचार होऊन मोठ्या इस्पितळात पोचलेल्या रुग्णांचे आहेत. तुमच्या सोसायटीतल्या साध्या लघवीच्या जंतुसंसर्गाला ते जसेच्या तसे लावू नका. पण दिशा दिसते.

आता चिकन. कोंबड्यांना अँटिबायोटिक आजारासाठी देतात, आजार येऊ नये म्हणून देतात आणि वजन वाढावं म्हणूनही देत आले आहेत. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवून उरलेला चोथा कोंबड्यांना घातला, तर पिल्लं भराभर वाढली. तिथून ही प्रथा जगभर गेली. डेन्मार्कने १९९५ साली अॅव्होपार्सिन नावाचं असं एक औषध खाद्यातून बंद केलं आणि तिथल्या कोंबड्यांतले त्या जातीचे रोधक जंतू उतरले. चीनमध्ये २०१५ साली डुकरांत आणि माणसांत कोलिस्टिनला न जुमानणारं, प्लाझ्मिडवरून पसरणारं जनुक सापडलं. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूत काहीच चालेना तेव्हा काढायचं औषध. भारताने २०१९ साली खाद्यजनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिरा, पण चांगली गोष्ट झाली.

एवढं असूनही आईंच्या जंतूचा माग कोंबडीपर्यंत जाईलच असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या रक्तातले, लोकांच्या शौचातले आणि सांडपाण्यातले ईएसबीएल ई. कोलाय एकमेकांशी जुळले, कोंबड्यांतले वेगळ्याच वाणाचे निघाले. आपल्याकडे माणूस, जनावर आणि गटार यांच्यातलं अंतर ब्रिटनपेक्षा कितीतरी कमी आहे, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण "चिकन सोडलं की सुटलो" हा सुटकेचा मार्ग नाही, हे त्यातून कळतं. शाकाहारी घरांतूनही माझ्याकडे असेच रिपोर्ट येतात. शिजलेल्या चिकनमध्ये जंतू जिवंत राहत नाही. धोका असतो तो कच्च्या चिकनखालच्या पाटावर आणि सुरीवर, ज्यावर पुढच्याच क्षणी काकडी-कांदा चिरला जातो. आणि कच्चं चिकन सिंकमध्ये नळाखाली धुऊ नका. थेंब उडून शेजारच्या ताटांवर बसतात. हे सांगितलं की घरोघरी वाद होतो, मला ठाऊक आहे.

मामांच्या तबेल्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ताईंनी पत्रात एक वाक्य ओघात लिहिलंय: म्हशीचा सड सुजला की मामा स्वतःच इंजेक्शन टोचतात, "माणसांचंच असतं, मेडिकलमध्ये मिळतं". दगडीवर, म्हणजे कासेच्या दाहावर, अनेक तबेल्यांत सेफ्ट्रायॅक्सोन सर्रास वापरलं जातं. डॉक्टरांना दाखवायचं तर फी, दूध फेकायचं तर दिवसाचं नुकसान, आणि म्हैस गेली तर काही कमी पैसा जात नाही. मामांच्या जागी कुणीही तेच करेल. अडचण अशी की टोचल्यानंतर काही दिवस ते औषध दुधातून बाहेर पडतं. किती दिवस दूध विकायचं नाही हे बाटलीच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, पण जनावरांसाठीच्या बाटलीवर. माणसांच्या बाटलीवर कशाला असेल? दूध उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो. घरात याची एक खूण असते: त्या दुधाचं दही नीट लागत नाही. विरजणातले जंतूही जंतूच, औषध त्यांनाही मारतं. दही न लागण्याची दुसरीही कारणं असतात, तेव्हा लगेच मामांशी भांडू नका.

तरी दुधातला अंश हा माझ्या काळजीचा छोटा भाग. मोठा भाग शेणाचा. औषध दिलेल्या म्हशीच्या शेणात औषधही असतं आणि त्याला पुरून उरलेले जंतूही. गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांचं धुणं कुठे जातं? नाल्यात, तिथून नदीत, खाडीत. वाटेत त्याच पाण्याकाठी कुणी पालेभाजी लावली असेल तर तिच्यावर. मामांना सांगायचं असेल तर तीन गोष्टी सांगा. एक, दगडी होऊच नये यासाठी धार काढल्यावर सड औषधी पाण्यात बुडवणं आणि गोठा कोरडा ठेवणं. यातून इंजेक्शनं खरोखर कमी होतात. दोन, दुधाची तपासणी आणि कल्चर जनावराचंही होतं, आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखं जुनं ठिकाण याच शहरात आहे. तीन, माणसांची बाटली म्हशीला नको. नॉर्वेने सामन माशांना लस टोचायला सुरुवात केली आणि तिथल्या मत्स्यपालनातलं अँटिबायोटिक जवळजवळ नाहीसं झालं. जनावर आजारीच पडलं नाही तर औषध लागत नाही, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय एका परिच्छेदात मावणारा नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ साली लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन मोजलं गेलं होतं, गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातल्या प्रमाणाहून कितीतरी जास्त. २०२० साली केंद्राने अशा पाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. यावर मला काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुंबईत बसून रोधाबद्दल बोलायचं आणि टीबी टाळायचा, हे शक्य नाही, जरी टीबीचा जंतू वेगळ्या चालीचा असला तरी. तो प्लाझ्मिड वाटत नाही. त्याचा रोध त्याच्या स्वतःच्या जनुकातल्या बदलाने येतो आणि पुढे हवेतून माणसाकडून माणसाकडे जातो. धारावीत १९९१ साली १०० खासगी डॉक्टरांना टीबीवरची औषधयोजना लिहायला सांगितली, तर ८० वेगवेगळ्या योजना निघाल्या. २०१० साली तसाच अभ्यास परत झाला: १०६ डॉक्टर, ६३ योजना, आणि बरोबर फक्त ६ जणांची. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच हिंदुजा रुग्णालयातून, उपलब्ध सगळ्या औषधांना रोध असलेल्या चार रुग्णांची बातमी जगभर गेली. इथे अर्धवट आणि चुकीच्या औषधांचा दोष उघड आहे. पण आज मुंबईत औषधरोधक टीबी होणाऱ्यांतल्या अनेकांना तो पहिल्याच खेपेला रोधक होतो. त्यांनी टीबीची एक गोळीही आधी खाल्लेली नसते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा २०१८ साली अभ्यास झाला, तेव्हा जिथे उजेड-वारा कमी त्या घरांत टीबी जास्त दिसला. दोन इमारतींमध्ये हात पसरण्याएवढं अंतर ठेवणारा नकाशा ज्याने मंजूर केला, त्याचं नाव कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर नसतं.

मग गोळ्यांचं काय? सर्दी, बहुतेक खोकले, डेंग्यू, फ्लू यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे: त्यातली औषधं दिली की रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची, असं दुकानदारावर बंधन आहे. तुमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ती वही कधी दिसली का? 'कोर्स पूर्ण करा' या सल्ल्याबद्दल मात्र मी पूर्वीइतकी कडक राहिलेली नाही. टीबीत तो अक्षरशः पाळायचा. पण साध्या न्यूमोनियासारख्या बऱ्याच आजारांत पाच दिवस पुरतात आणि उगाच लांबवलेले दिवस आतड्यातल्या गरीब जंतूंना मारून रोधकांनाच जागा करून देतात, असं आता दिसतं. तेव्हा डॉक्टरांना विचारा, "किती दिवस, आणि का?" स्वतः मधेच थांबवू नका.

आणि कधी कधी अँटिबायोटिक घ्यायलाच हवं. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाने, घातलेला धुमाकूळ पाहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं, त्यात पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. ते डॉक्सिसायक्लिन देतील ते घ्या. रोधाच्या भीतीने ते टाळणारे सुशिक्षित लोकही मला भेटले आहेत. टायफॉइडची लस हाही दुर्लक्षित उपाय आहे. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता जवळपास निरुपयोगी झालं आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना सरकारी मोहिमेतून नवी टायफॉइड लस दिली, लाखाहून अधिक मुलांना. जो टायफॉइड झालाच नाही त्याच्यासाठी सेफ्ट्रायॅक्सोन लागत नाही.

आता आईंचं. ताप आणि थंडी होती म्हणजे संसर्ग मूत्राशयाच्या वर, मूत्रपिंडाकडे गेला असावा. अशा वेळी नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध रिपोर्टमध्ये 'एस' (म्हणजे चालणारं) दिसलं तरी पुरत नाही, कारण ते मूत्राशयापुरतंच काम करतं. डॉक्टरांनी इंजेक्शन निवडलं ते बरोबरच केलं. पुढे कधी नुसती जळजळ झाली, ताप नाही, तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची पुडी असे तोंडाने घ्यायचे पर्याय अजून शिल्लक आहेत, हे मनात असू द्या आणि डॉक्टरांना विचारा.

बरं वाटू लागल्यावर "जंतू गेला का बघूया" म्हणून परत कल्चर करू नका. या वयात कुठलाही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं फार कॉमन आहे, आणि त्याला औषध द्यायचं नसतं; गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. कारण नसलेल्या कल्चरमधून कारण नसलेलं अँटिबायोटिक निघतं, हे माझ्याच खात्याचं पाप आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगते. त्यापेक्षा साखर तपासा, बद्धकोष्ठ असेल तर ते बघा, आणि वारंवार त्रास होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. आई बाहेर पडताना पाणी कमी पितात का, हेही विचारा. मुंबईतल्या बायका लोकलने प्रवास करायचा म्हणून सकाळपासून तहान मारतात, कारण वाटेत जाण्याजोगं शौचालय नसतं. २०११ साली या शहरात बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती उगाच नव्हे.

नातवंडांची काळजी करू नका. आईंच्या आतड्यात जे आहे ते त्यांच्याही आतड्यात असण्याची शक्यता बरीच आहे, आणि निरोगी मुलाला त्याने काही होत नाही. त्यांची शौचतपासणी करू नका, आईंची भांडी वेगळी करू नका, नातवंडांना आजीपासून दूर ठेवू नका. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात, एवढं सगळ्या घराने पाळायचं. आईंच्या या कल्चर रिपोर्टचा फोटो मात्र मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षभरात त्यांना ताप येऊन कुठे दाखल करायची वेळ आली, किंवा गुडघ्याचं, मोतीबिंदूचं, कसलंही ऑपरेशन ठरलं, तर तो डॉक्टरांना आधी दाखवा, म्हणजे पहिलं औषध निवडतानाच त्यांना हा जंतू लक्षात घेता येईल.